वर राहिलेला हात

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. पुढचे तीन महिने दर रविवारी आमच्या विहारात व्याख्यान असतं. विषय ठरवायला आज कार्यकारिणी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर सदनाच्या कॅन्टीनमध्ये बसली होती. आमचा सचिव अंबादास दरवर्षीची यादी घेऊन आला होता, त्यात फक्त वर्ष बदललेलं. डॉक्टर वृंदा म्हणाली, यंदा एक रविवार उतारवयातल्या कामजीवनाला देऊ. तिच्या दवाखान्यात साठीच्या बायका गुडघेदुखी म्हणून येतात आणि दार लावल्यावर दुसरंच बोलतात.

सगळे चहाच्या कपात बघायला लागले. अंबादासने तर बशीतही पाहिलं.

शेवटी कोणीतरी म्हणालं, डॉक्टरनेच बोलावं. वृंदा म्हणाली, "मी बोलले तर लोक आजार समजून ऐकतील. भाऊराव काकांनी बोलावं."

मी तिथेच होकार दिला. ज्या विषयावर लोक कपात बघतात, त्या विषयावर बोलण्यासाठीच मला वाचा मिळाली आहे. आमच्या माणसांनी पाण्यावर बोलायचं धाडस केलं, देवळावर बोलायचं केलं, आणि पलंगावर बोलायला घाबरायचं?

घरी येऊन प्रभाला सांगितलं. ती मटकी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "वाचून बोलणार की आठवून?"

मी म्हणालो, वाचून. अभ्यासाशिवाय मी कधीही बोललेलो नाही.

१४ जुलै

अभ्यास जोरात. सर्वेक्षणं, वैद्यकाची पुस्तकं, दोन समाजशास्त्राचे ग्रंथ, शिवाय त्रिपिटक. सगळं पलंगावर मांडून घेतलं आहे. हा पलंग मोठा आहे, उजवी बाजू मला पुरते आणि डाव्या बाजूला ग्रंथालय.

डावी बाजू पूर्वी प्रभाची होती. आई आजारी पडली तेव्हा रात्री तिच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून प्रभा आईच्या खोलीत झोपायला लागली. आईला जाऊन दोन वर्षं झाली. प्रभा अजून तिथेच झोपते. आईची अरुंद खाट, त्यावर प्रभा. तिला तिथे बरं वाटत असावं. बायकांना एकदा जागेची सवय झाली की सुटत नाही. मुलगा आणि सून गुरुग्रामला, त्यामुळे वसुंधरा वसाहतीतल्या या तीन खोल्यांत आम्ही दोघंच, एकेक खोली व्यापून.

एक तक्रार मात्र लिहून ठेवतो. मी फिरून येईपर्यंत पलंगावरची पुस्तकं कपाटात गेलेली असतात. हे जुनंच आहे, पण या अभ्यासातच आज चौथ्यांदा झालं. खुणेची पानंही हलतात. प्रभाला म्हटलं, वक्त्याची पुस्तकं आणि सैनिकाची बंदूक त्याच्या उशालाच असावी लागते. ती म्हणाली, "लढाई कुठे आहे पण?"

ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची. उत्तर देते, पायऱ्या दाखवत नाही.

१९ जुलै

सिद्धांतचा फोन. अंबादासने बनवलेलं पोस्टर व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत त्याच्या ऑफिसात पोहोचलं. त्यावर माझा कोटातला फोटो आणि खाली विषय, लाल अक्षरांत. सिद्धांत म्हणाला, "बाबा, प्लीज यार, फोटो तरी काढायला सांगा."

मी त्याला वीस मिनिटं समजावलं. तुझी पिढी सगळं मोबाईलवर बघते आणि बापाच्या तोंडून ऐकायला लाजते, हा ढोंगीपणा आहे. तारुण्य म्हणजे निसर्गाने तुम्हाला दिलेलं भांडवल आहे, वगैरे. तो म्हणाला, बाबा, मी सध्या रात्री साडेअकराला घरी येतो आणि ती अमेरिकेच्या कॉलवर असते. कसलं भांडवल?

हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. टिपून ठेवलं.

फोन प्रभाने घेतला आणि आतल्या खोलीत गेली. काय बोलली माहीत नाही, पण शेवटचं वाक्य दारातून ऐकू आलं: "कॉल संपेपर्यंत जागा राहत जा. नंतर सवय मोडते."

व्यवहारी बाई आहे. मुलांच्या संसाराची तिला किती काळजी.

२४ जुलै

अंबादासची बायको शालिनी आणि प्रभा आज पानिपतला जाऊन आल्या, चादरी घ्यायला. संध्याकाळी पिशव्या घेऊन उतरल्या तेव्हा मी म्हणालो, पानिपतहून मराठे पहिल्यांदाच जिंकून आले. शालिनी हसली. प्रभा म्हणाली, "अजून कुठे जिंकलो?"

तिने एक मोठी चादर आणली आहे, मोरपिशी, काठाला बारीक पांढरं विणकाम. डबल बेडची. मी तिच्या लक्षात आणून दिलं की तुझी खाट सिंगल आहे आणि माझ्या पलंगाची अर्धी बाजू पुस्तकांनी भरलेली आहे. मग एवढ्या मोठ्या चादरीचं प्रयोजन काय?

तिने चादरीच्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तिथे छोटी चांगली नव्हती."

पानिपतमध्ये छोटी चादर चांगली मिळत नाही हे मला पटत नाही. पण खरेदीत मी वाद घालत नाही. घडी घालून तिने ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आहे. पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून छान उपयोगी पडते.

२६ जुलै

उद्या भाषण. टिपणं तयार. अभ्यासाचं सार असं: पुरुष सांगतात जास्त, बायका सांगतात कमी. वय वाढलं की दोघांच्याही आयुष्यातून हे सगळं कमी होत जातं आणि बायकांच्या आयुष्यातून लवकर.

हे शेवटचं वाचलं आणि, इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, मला हायसं वाटलं. म्हणजे प्रभाचं हे निसर्गक्रमानेच झालं. माझं काही चुकलं नाही. आणि आता काही करण्याची जबाबदारीही नाही.

कारण दुसरी एक गोष्ट आहे. ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाल्यापासून मला स्वतःचा भरवसा वाटत नाही. सहासष्टाव्या वर्षी माणसाने परीक्षेला बसावं आणि नापास व्हावं, तेही ज्या परीक्षकाने एकेकाळी पैकीच्या पैकी दिले त्याच्यासमोर? त्यापेक्षा पुस्तकं बरी. पुस्तकं कोणाला नापास करत नाहीत.

दुपारी हे सार वृंदाला फोनवर वाचून दाखवलं. गोळीचं अर्थातच नाही. ती म्हणाली, "काका, सर्वेक्षणवाले विचारतात, हल्ली काही घडलं का. का नाही घडलं, ते घरी विचारायचं असतं."

वाक्य चांगलं आहे. भाषणात वापरीन.

२७ जुलै, रविवार

विहार भरला होता. नेहमीप्रमाणे उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मागे तरुण मुलं-सुना, त्यातले अर्धे पोस्टर बघून आलेले. त्रिशरण-पंचशील झालं आणि मी तिथूनच धागा उचलला. म्हणालो, आत्ताच आपण तिसरं शील म्हटलं. ते मिथ्याचार सोडायला सांगतं. आपल्या माणसावरचं प्रेम सोडायला कुठे सांगतं? मग साठी उलटली की आपण शीलात नसलेलं व्रत कोणाच्या सांगण्यावरून पाळतो? शेजाऱ्यांच्या? सुनेच्या? गुडघ्यांच्या?

हशा झाला. मी तापलो. मला माहीत आहे, मी तापलो की चांगला बोलतो. स्त्री-पुरुष समतेचा जयघोष करणाऱ्या समाजात इच्छा मात्र फक्त पुरुषाची मानली जाते, ही विषमता नव्हे काय? टाळ्या पडल्या.

मग मी म्हणालो, पुस्तकातली आकडेवारी राहू द्या, आपण आपलीच बघू. ज्यांना आजही जोडीदाराची जवळीक हवीशी वाटते त्यांनी हात वर करा.

उजवीकडे हातांचं रान उगवलं. माझाही होता. अंबादासने दोन्ही वर केले. डावीकडे एकही हात नाही. बायका पदर, पर्स, भिंतीवरचं घड्याळ असं काहीबाही बघत होत्या.

वृंदा पुढे येऊन म्हणाली, आता हेच डोळे मिटून करू या. वंदनेला मिटतो तसे. मी एकटी बघेन आणि कोणाचंही नाव कधीही सांगणार नाही.

मी जाहीर केलं की वक्तासुद्धा अपवाद नाही, आणि सर्वांत आधी मी मिटले. घट्ट. पुन्हा तोच प्रश्न विचारला. कपड्यांची सळसळ झाली, आणि डावीकडून बांगड्यांचा आवाज आला. एक, मग दोन-तीन, मग पुष्कळ. इतक्या वर्षांच्या सभांत मी असा आवाज ऐकला नव्हता. मला एकदम वाटलं, त्यात प्रभाच्या आहेत का? तिच्या हातात दोनच असतात, आवाज ओळखू यायला हवा. आला नाही.

माझ्या तोंडून दुसरा प्रश्न निघाला, तो टिपणांत नव्हता. "ज्यांनी ही इच्छा या वर्षभरात जोडीदाराला सांगितली, त्यांनी हात तसाच ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या."

बांगड्या खाली आल्या. सगळं सभागृह खाली आलं. माझा हातही खाली आला. वक्ता असलो तरी मोजणी ती मोजणी.

डोळे उघडल्यावर वृंदाने निकाल सांगितला. पुरुषांचे हात पहिल्यापेक्षा बरेच कमी झाले होते आणि बायकांचे त्यांच्यापेक्षा जास्त निघाले. सर्वांत कमी हात मागच्या रांगांतल्या तरुणांचे. तिकडून कोणीतरी म्हणालं, मॅडम, झोप हवी का असं विचारा, दोन्ही हात वर करतो. "आणि दुसऱ्या प्रश्नाला," वृंदा म्हणाली, "फक्त एक हात वर राहिला. बाईचा."

मग टाळ्या. बायकांच्या बाजूने सुरू झालेल्या.

येताना रिक्षात प्रभाला विचारलं, कसं झालं?

"छान बोललात."

"आणि?"

"आणि काय? हात दुखतोय."

तिचा खांदा गेल्या महिन्यापासून धरतो आहे. फिजिओथेरपीची आठवण करून दिली.

२८ जुलै

त्या एका हाताने माझी झोप उडवली आहे. कोण असेल ती बाई? केवढी धीट! सगळ्या सभागृहात एकटीने इच्छा मनात ठेवली नाही, सांगितली. अशी बाई आपल्या समाजात आहे याचा मला अभिमान वाटतो.

पण तिचा नवरा? त्याचा हात का नव्हता वर? बायकोने सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही? ऐकून कळलं नाही? बहिरा आहे की ठोंब्या? समता समता म्हणून हेच लोक टाळ्या पिटतात आणि घरात ओंडक्यासारखे पडून असतात. असल्या माणसाला मंचावर उभं करून विचारलं पाहिजे, बाबा रे, तुला आणखी कोणत्या लिपीत लिहून हवं होतं?

पुढच्या भाषणाची सुरुवात इथूनच करणार आहे.

पुस्तकं पुन्हा कपाटात. चादर पलंगावर अंथरलेली. मी घडी घालून ठेवली, नाहीतर शाईचे डाग पडायचे.

३० जुलै

सकाळी फिरायला अंबादास एकटाच होता. आम्ही तिघं रोज फिरतो: तो, मी आणि नरसिंह सुभेदार, म्हणजे दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त होऊन इथेच राहिलेले सातारकडचे गृहस्थ. आज सुभेदारांची दाढ दुखत होती.

मी त्या बहिऱ्या नवऱ्यावरचं नवं भाषण अंबादासला म्हणून दाखवलं. तो अर्ध्यावर हसत सुटला, इतका की बाकावर बसला. मग म्हणाला, "भाऊ, एक सांगू? मी डोळे उघडले होते."

माझा संताप झाला. विहारात, शील घेतल्यावर, गुप्त मतदानात चोरून बघायचं? त्याने कान धरले. म्हणाला, अरे यार, एकच डोळा. आणि एकदा उघडल्यावर तो हात दिसणारच ना. "सांगू कोणाचा?"

"खबरदार नाव घेतलंस तर," मी म्हणालो. गुप्ततेच्या तत्त्वावर मी त्याला चांगलंच सुनावलं.

"नाही घेत. पण तुझा तो बहिरा ठोंब्या मला माहीत आहे. रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतो."

घरी आल्यावर लक्षात आलं. सुभेदार! विजयमाला वहिनी वर्षावासाच्या व्याख्यानांना नेहमी येतात, मागे खांबाजवळ बसतात. बिचाऱ्या. आणि सुभेदार म्हणजे तीस वर्षं हुकूम ऐकलेला माणूस, त्याला कुजबुज कशी ऐकू येणार? नाव मी विचारलं नव्हतं, आपोआप कळलं. तेव्हा आता गप्प बसणं म्हणजे एका बाईवर अन्याय. उद्या मी त्यांच्याशी बोलणार, हळुवारपणे, पण बोलणार.

३१ जुलै

लिहायला घेतो आहे आणि काय लिहावं कळत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी अंबादासला मुद्दाम पुढे जाऊ दिलं आणि सुभेदारांना बाकावर बसवलं. म्हणालो, सुभेदारसाहेब, संसारात बाई सगळंच शब्दांत सांगत नाही. पुरुषाने खुणा वाचायला शिकलं पाहिजे. तिने काही ठेवलं, काही उचललं, काही आणलं, त्यात निरोप असतो. आपण घरी जा, आणि आजच वहिनींचा हात हातात घ्या.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. गालाला रुमाल बांधलेला होता. म्हणाले, "घेतो की. पण सातारला जावं लागेल. ती जूनपासून गावाला आहे."

मी म्हणालो, जूनपासून?

"भावाच्या घरी लग्न होतं. मग शेतीवाडीचं बघून येते म्हणाली. का हो, काय झालं?"

काही नाही, म्हणालो. अंबादासबरोबर रोज दोन माणसं फिरतात. त्यातल्या एकाची बायको रविवारी सभागृहात नव्हतीच.

मी तिथेच बसून राहिलो. काही ठेवलं, काही उचललं, काही आणलं. हे मी आत्ताच माझ्या तोंडाने बोललो होतो. आणि मग नोकरीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर आठवलं. दोन खोल्या, त्यात आई-वडील, सिद्धांत, आल्यागेल्याचा राबता. बोलायची सोय नव्हती. मी वाचत पडलेला असायचो आणि एखाद्या रात्री प्रभा काही न बोलता माझ्या हातातलं पुस्तक काढून घ्यायची, खुणेचं पान घालायची आणि कपाटात ठेवायची. तेवढंच. त्या काळी मला ही लिपी येत होती.

घरी आलो. पुस्तकं कपाटात गेलेली होती. प्रभा गॅलरीत कपडे वाळत घालत होती, एका हाताने खांदा दाबत. मी दीड तास न थांबता बोलणारा माणूस. एक वाक्य जुळवायला मला तीन शर्ट आणि एक टॉवेल वाळत पडेपर्यंत उभं राहावं लागलं.

"प्रभा, तो हात तुझा होता?"

तिने चिमटा लावला. "डोळे मिटा असं तुम्हीच म्हणालात ना? मग आता कशाला विचारता?"

"पण तू मला सांगितलंस कधी?"

"दोन वर्षं पुस्तकं उचलतेय. वाटलं, एवढं वाचणारा माणूस आहे, एवढं तरी वाचेल."

मी म्हणालो, तू तोंडाने का नाही बोललीस? आणि तू आईच्या खोलीतून परत का नाही आलीस?

ती आता माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, पण हसतही नव्हती. "त्या रात्री तुम्ही म्हणालात, प्रभा, आईजवळ झोप. मी गेले. जा म्हणालात, ये म्हणाला नाहीत. आई गेल्या, महिना झाला, मी दारात उभी राहून बघितलं तर माझ्या जागी समाजशास्त्र झोपलेलं."

मग मी तिला गोळीचं सांगितलं. परीक्षेचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला खांदा उचलवत नाही, तुमचं प्रेशर. मी कुठे व्याख्यान मागतेय? शेजारी या म्हणतेय."

मी मान डोलावली. ती म्हणाली, "मान नको. बोला."

आयुष्यात मी हजारो लोकांना उद्देशून बोललो. इतकं छोटं भाषण कधी केलं नव्हतं. मी म्हणालो, "प्रभा, ये."

५ ऑगस्ट

मध्ये लिहिलं नाही.

आज फिरायला उशिरा गेलो. अंबादास घड्याळाकडे बघून सुभेदारांना म्हणाला की भाऊंची तब्येत हल्ली सुधारली आहे. सुभेदारांनी परवा सातारची तिकिटं काढली. माझ्या सांगण्याचा परिणाम, असं ते म्हणतात. मी खोडून काढलं नाही.

सिद्धांतने विचारलं, दुसरं व्याख्यान आहे का? मी म्हणालो, त्या बहिऱ्या नवऱ्यावर बोलणार होतो, पण तो विषय मी मागे घेतला आहे. अभ्यास अपुरा होता.

परीक्षेचा निकाल इथे लिहिणार नाही. गुप्त मतदानाचं तत्त्व मला मान्य आहे. एवढंच नोंदवतो की परीक्षक जुनाच आहे आणि घाईत नसतो.

मोरपिशी चादर पुरेशी मोठी आहे. काठ दोन्ही बाजूंनी खाली येतो.

कपाटात जागा नव्हती, म्हणून पुस्तकं आईच्या खाटेवर ठेवली आहेत. चार दिवस झाले, कोणीही ती उचललेली नाहीत.